अंगभूत दोष

जगात कारणाशिवाय काहीही घडत नाही, आणि ते कारण शोधून काढणं हे विचारी माणसाचं पहिलं कर्तव्य आहे. हे वाक्य दत्तात्रय सबनीस यांचं. माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, उतू गेलेल्या दुधाकडे पाहत त्यांनी ते उच्चारलं. मग खिशातला छोटा टॉर्च काढून त्यांनी शेगडीखाली, ओट्याच्या कडेला आणि, का कोण जाणे, फ्रिजच्या मागे उजेड टाकला. "हं, हं" म्हणाले आणि निकाल दिला.

"गॅस नव्हे. पातेलंही नव्हे. नजीकचं कारण म्हणजे, बाई, तुम्ही फोनवर बोलत होतात."

"तुमच्याशीच बोलत होते," मी म्हटलं. "तुम्हीच खालून फोन करून विचारलंत, वर येऊ का म्हणून."

"ते दूरचं कारण. दूरचं कारण आम्ही धरत नाही."

'आम्ही' म्हणजे विमा. सबनीससाहेबांची हयात एका विमा कंपनीच्या दावे विभागात गेली. लोकांचं नुकसान भरून देणं हे त्यांचं काम, असं बाहेरच्यांना वाटे. ते स्वतः या गैरसमजात कधीच नव्हते. जयपूरजवळ बस्सीच्या पुढे उलटलेल्या एका ट्रकचा दावा त्यांनी ड्रायव्हर अनवाणी होता या मुद्द्यावर अडवून धरला होता, आणि ती हकिगत ते लढाईतून परतलेल्या माणसासारखी सांगत. ट्रकमालकाचं पुढे काय झालं हे कुणी विचारलं की त्यांना ते आठवत नसे.

शेवटची बदली जयपूरला झाली, निवृत्तीही इथेच झाली, आणि साताऱ्याला परत जाणं भावांना सोयीचं नसल्यामुळे राजा पार्कच्या मागच्या गल्लीत घर घेऊन ते राहिले. मी बँकेच्या बदलीने आले आणि बरोब्बर त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायला लागले. मला ते नावाने हाक मारत नसत. तोंडावर 'बाई', आणि माझ्या मागे 'वरच्या बँकवाल्या'.

निवृत्त झाल्यावर दावे येईनासे झाले, पण वस्तू मोडायच्या थांबल्या नाहीत, हे त्यांचं भाग्य. इमारतीत काही फुटलं, गळलं, जळलं, की टॉर्च घेऊन साहेब हजर. त्यांच्या तपासाचं वैशिष्ट्य असं, की कारण नेहमी सापडे आणि ते नेहमी दुसऱ्याच्या घरात सापडे. एकदा मे महिन्यातल्या आंधीत त्यांच्याच गॅलरीतली तुळशीची कुंडी तळमजल्यावरच्या शर्माजींच्या स्कूटरवर पडली. साहेब टेप घेऊन खाली उतरले. उंची मोजली, वाऱ्याची दिशा विचारली, फुटलेली खापरं उलटीपालटी करून पाहिली, आणि ही देवाची करणी असल्याचं जाहीर केलं. त्यातून वस्तू तुळस असल्यामुळे देवाची करणी जरा जास्तच. शर्माजी सद्गृहस्थ. ते एवढंच म्हणाले, "सबनीसजी, गमला आपका, स्कूटर मेरा. भगवान किसके हुए?"

"भगवान सबके," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या मते प्रकरण मिटलं.

त्यांचा दुसरा अभिमान म्हणजे हिंदी. सगळी नोकरी हिंदी मुलखात झाल्यामुळे त्या भाषेचा त्यांनी पुरता निकाल लावला होता. हिंदी म्हणजे बेशिस्त मराठी, असं त्यांचं मत होतं. शब्द तेच, फक्त लोक ते निष्काळजीपणे वापरतात. या सिद्धांतावर त्यांनी अख्खं जयपूर निभावून नेलं. वीज कचेरीत बिलाची तक्रार घेऊन गेले, तेव्हा खिडकीतला कारकून अदबीने म्हणाला, "हम पूरी चेष्टा करेंगे, साहब." साहेबांचा चेहरा तांबडा झाला. "आप मेरी चेष्टा करेंगे?" कारकून बापडा म्हणाला, "जी, आप ही के लिए तो कर रहे हैं." हा किस्सा साहेब स्वतःच सांगत, इथल्या लोकांचा उद्धटपणा सिद्ध करायला. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे त्यांना सांगण्याचा प्रयत्न मी केला. "मग तसं म्हणावं," साहेब म्हणाले.

अशा माणसाच्या घरात नलिनीताई राहत. त्या मिरजेच्या. बोलणं कमी. त्यांच्या संसाराचा बराचसा भाग 'बरं' या एका शब्दावर चालला होता, आणि त्या 'बरं'चा अर्थ होकार असतो असं फक्त सबनीससाहेबांनाच वाटत आलं होतं.

नलिनीताईंच्या माहेरहून आलेली एक वस्तू त्या घरात होती. काळं, हाताने फिरवायचं शिवणयंत्र, लाकडी टोपाखाली झाकलेलं. त्यावरची सोनेरी वेलबुट्टी जिथे हात टेकतो तिथे पुसून गेली होती. तो हात नलिनीताईंच्या आईचा. मिरजेच्या त्यांच्या आळीतल्या बायकांची झंपरं या यंत्रावर झाली, आणि नलिनीताईंची लेक मुग्धा जन्मली तेव्हा तिच्या बारशाची कुंचीही आजीने यावरच शिवली. बाळाच्या डोक्यावरून पाठीवर उतरणारं ते टोपडं मुग्धाने पुढे बाहुलीला घातलं, आणि नंतर ते कुठल्याशा बदलीत हरवलं.

आता मुग्धा स्वतः बाळंतपणाला बंगलोरहून जयपूरला आली होती. नलिनीताईंनी आईच्या जुन्या लुगड्यावरचा खण काढून ठेवला होता. येणाऱ्या बाळाची कुंची त्याच यंत्रावर शिवायची, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. त्या घरात त्यांनी काही मनाशी धरल्याचं मी पाहिलेलं हे पहिलंच.

टोप काढला तर चाक जड फिरत होतं.

"राजा पार्कात बाबूलालजी म्हणून आहेत. त्यांच्याकडे नेऊन आणते," त्या म्हणाल्या.

"नेऊन आणते म्हणजे?" साहेब वर्तमानपत्र बाजूला ठेवत म्हणाले. "आधी तपास. मग उपाय. रोगी उचलून नेत नाहीत, डॉक्टरला विचारतात."

त्यांनी बाबूलालला फोन लावला. बाबूलालच्या तोंडात पान नसतं ती वेळ जयपुरात कुणी पाहिलेली नाही. दोन्ही बाजूंनी बराच आरडाओरडा झाला. मग साहेबांनी फोन ठेवला आणि प्रसन्न चेहऱ्याने स्वयंपाकघराकडे वळले.

"मीठा तेल," ते म्हणाले. "ऐकलंस? मीठा, म्हणजे गोड. गोड तेल म्हणजे आपलं गोडेतेल. बघ, शास्त्र सगळीकडे एकच. आण ती बरणी."

"शेंगदाण्याचं तेल? यंत्राला?"

"तू बाबूलालपेक्षा शहाणी का?"

"बरं," नलिनीताई म्हणाल्या.

त्यानंतर कितीतरी दिवस मी वरच्या गॅलरीतून एक विधी पाहत होते. आंघोळ झाली की साहेब सोवळ्यातल्यासारखे बाहेर येत, यंत्राच्या एकेका भोकात चमच्याने गोडेतेल सोडत आणि ते यंत्र गॅलरीच्या उन्हात ठेवून देत. "मुरायला हवं," ते मला वर पाहून सांगत. "घाई केली की लोणचंही बिघडतं." जून महिना होता. जयपूरच्या जूनमध्ये गॅलरीत ठेवलेली कुठलीही गोष्ट मुरते. मग एका दुपारी आंधी आली आणि शहरभरची धूळ त्या तेलावर बसली. साहेबांनी वरून आणखी तेल घातलं.

चाक आधी जड होतं. नंतर ते फिरेचना. साहेबांनी दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा यंत्र टेबलासकट फिरलं.

निकाल ऐकायला मीही होते, कारण मुग्धाला मोसंबी द्यायला मी खाली गेले होते. साहेबांनी टॉर्चने यंत्राच्या पोटात उजेड टाकला. "हं," म्हणाले. टॉर्च विझला.

"अंगभूत दोष."

"म्हणजे?" नलिनीताईंनी विचारलं.

"काही वस्तू बाहेरच्या कारणाने बिघडतात. काही आपल्याच स्वभावाने नासतात. आंबा नासतो, लोखंड गंजतं. तिथे कुणाचीच चूक नसते. असा दावा आम्ही सरळ फेटाळतो."

"आईने जन्मभर चालवलं हे."

"तेव्हाही दोष असणारच. मूळचा."

"मूळचा म्हणजे आईकडचा?"

"मी व्यक्तीवर बोलत नाही," साहेब म्हणाले. "यंत्र तुझ्या माहेरचं आहे, एवढीच वस्तुस्थिती आहे."

सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली मुग्धा म्हणाली, "बाबा, मतलब आजीची मशीन पहिल्यापासूनच खराब होती?"

"मतलब नको म्हणूस. 'म्हणजे' म्हण," साहेबांनी दुरुस्त केलं. "हो, होती. आता एखाद्या कॅफेवाल्याला विचारतो, विकत घेतो का. हल्ली असली यंत्रं शोभेला ठेवतात."

नलिनीताई 'बरं' म्हणाल्या नाहीत. साहेबांच्या ते लक्षात आलं नाही. इतक्या वर्षांच्या तपासणीच्या नोकरीत, समोर नसलेली गोष्ट पाहायला ते शिकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या यंत्र उचलून माझ्याकडे घेऊन आल्या. "ह्यांना सांगितलंय, जागा अडते म्हणून वर ठेवते," त्या म्हणाल्या. "रिक्षा बोलवाल का?"

बाबूलालचं दुकान म्हणजे एक फळकूट आणि त्यामागे बाबूलाल. जयपुरात चालू असलेलं प्रत्येक शिवणयंत्र आपल्यामुळे चालू आहे, आणि बंद असलेलं प्रत्येक यंत्र दुसऱ्या कुणाकडे नेल्यामुळे बंद आहे, हे त्याने आम्हाला बसायच्या आत ऐकवलं. सबनीससाहेब त्याला भेटले असते तर दोघांची छान मैत्री झाली असती. त्याने टोप काढला, नाक जवळ नेलं आणि मागे घेतलं.

"बहनजी, इसमें पकौड़े तले थे क्या?"

"आपने ही तो बोला था," नलिनीताई म्हणाल्या. "फोन पर. मीठा तेल."

बाबूलालने पिंक टाकली, म्हणजे त्याचं तोंड रिकामं झालं. त्या फोनच्या वेळी ते झालं असतं तर हे व्यक्तिचित्र लिहायची वेळ आली नसती.

"मीठा तेल? मैंने कहा, मिट्टी का तेल! मिट्टी का! घासलेट! मीठा तेल कौन डालता है मशीन में? मशीन है कि जमाई?"

 नलिनीताई हळूच पुटपुटल्या, "मिट्टी. मीठा." जणू दोन्ही शब्दांची चव पाहत होत्या.

दुरुस्तीला बाबूलालने नकार दिला. दिवाळीनंतर या, म्हणाला. लग्नाच्या घागऱ्यांची यंत्रं त्याच्याकडे रांगेत होती. एक बाटली घासलेट मात्र त्याने काढून दिलं, वर बजावलं की गरम हवेने चिकटा मऊ होतो, पण जोर लावाल तर दांडा वाकेल, आणि दांडा वाकला तर माझ्याकडे आणू नका.

परतताना मी विचारलं, "साहेबांना सांगणार?"

"सांगून काय होईल?" त्या म्हणाल्या. "बाबूलालचं पान हे नजीकचं कारण, असं म्हणतील. आणि आईचा दोष तसाच राहील."

मला तोवर वाटत होतं, त्यांना यंत्र सोडवायचं आहे.

मी बँकेतली साठलेली रजा काढली होती. ते काम माझ्या घरी दुपारी चाले, खाली साहेब जेवून झोपले की. वर्तमानपत्र पसरून त्यावर यंत्र. पहिल्यांदा नलिनीताईंनी खालची सरकती पट्टी आणि बाजूची झाकणं काढली. आत तपकिरी, चिकट, काकवीसारखं काहीतरी प्रत्येक सांध्यावर बसलं होतं, आणि त्यात जयपूरची धूळ. मुग्धाच्या केस वाळवायच्या यंत्राने त्या एकेक सांधा गरम करत. मग ते बंद करून दूर ठेवत, खिडक्या उघडत, आणि लोखंड निवलं की घासलेटचे थेंब सोडत. जुन्या दात घासायच्या ब्रशने खरवडत, चिंधीने पुसत. मग चाकाला हात लावत. फिरवायला नव्हे, नुसता पुढे, नुसता मागे. "हलतंय का बघायचं, हलवायचं नाही," त्या म्हणाल्या. चाक हललं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चाक हललं नाही. घरभर घासलेटचा वास बसला. खाली साहेबांनी वासाचा तपास सुरू केला आणि तो शर्माजींच्या स्कूटरपर्यंत नेऊन पोचवला.

मधल्या काळात मुग्धाला मुलगी झाली. बारसं जवळ आलं आणि खण अजून घडीतच होता. मी म्हटलं, हाताने शिवा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चहा टाकायला गेले.

चहा उकळत असताना बाहेरून बारीक आवाज आला. दाणा फुटल्यासारखा. मी गॅस बंद करून आले. चाक नखभर पुढे आलं होतं. त्यांनी ते नखभर मागे नेलं. पुन्हा पुढे. मग बोटभर. घासलेट, चिंधी, पुन्हा पुढे. आणि मग एका वेळी ते गेलं ते गेलंच, पूर्ण वळसा घेऊन, सुईचा दांडा खाली-वर करत, कुरकुरत. नलिनीताईंच्या कपाळावर घाम होता आणि हात कोपरापर्यंत काळे होते.

मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "यंत्राचं तेल आणा. खरं."

त्या संध्याकाळी त्यांनी यंत्र खाली नेऊन साहेबांपुढे ठेवलं आणि चाक फिरवून दाखवलं. मी मागे उभी होते. मला वाटलं, आता स्फोट. पण नलिनीताई म्हणाल्या, "सुटलं हो. तुमचं तेल मुरलं बहुतेक."

माणसाचा चेहरा इतका उजळलेला मी क्वचितच पाहिला आहे. सबनीससाहेबांनी चाकावरून हात फिरवला. "मी म्हटलं नव्हतं? धीर धरायला लागतो," ते म्हणाले. मी नलिनीताईंकडे पाहिलं. त्या दोरा ओवत होत्या.

बारशाला जयपूरच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका आल्या, छावणीतल्या फौजी कुटुंबांतल्या आल्या, शर्माजी सहकुटुंब आले. पाळण्यात मुलगी खणाची कुंची घालून झोपली होती. कुंचीची शिवण सरळ होती. नाव ठेवून झाल्यावर साहेब दोन शब्द बोलायला उठले. नाव, बाळ, बाळंतीण हे सगळं त्यांनी चटकन उरकलं आणि यंत्रावर आले. कसं ते पूर्ण अडकलं होतं, कसं सगळ्यांनी आशा सोडली होती, कसा त्यांनी गोडेतेलाचा उपचार नेटाने चालू ठेवला. बायका माना डोलवत होत्या. सुभेदार मोऱ्यांच्या पत्नीने प्रमाण विचारलं.

नलिनीताई पेढ्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. "अहो," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पण तुम्ही तर अंगभूत दोष म्हणाला होतात."

साहेबांनी हातानेच ते उडवून लावलं. "अंगभूत दोष असता तर सुटलं असतं का?"

"म्हणजे नव्हता?"

"नव्हता."

"मूळचा, आईकडचा वगैरे?"

"छे. उत्तम यंत्र. सासूबाईंनी नीट सांभाळलेलं," साहेब उदारपणे म्हणाले. "दोष असता तर माझ्या तेलालाही दाद दिली नसती."

"बरं," नलिनीताई म्हणाल्या आणि पेढे फिरवायला लागल्या.

माझ्या माहितीप्रमाणे सबनीससाहेबांनी फेटाळलेला दावा परत मंजूर केल्याचं हे एकमेव उदाहरण. ते त्यांच्याकडून कसं वदवून घेतलं गेलं, हे त्यांना अखेरपर्यंत कळलं नाही. आणि मला जे कळायला इतका वेळ लागला, ते हे, की नलिनीताईंनी श्रेय फुकट दिलं नव्हतं. त्याच्या बदल्यात आईला सोडवून आणलं होतं.

न्यायाचा भुर्दंड दुसऱ्या कुणाला तरी पडतोच. इथे तो मंडळाला पडला. साहेबांची कीर्ती पसरली. मोरेबाईंनी छावणीतल्या घरी आपल्या यंत्रात गोडेतेल सोडलं आणि उन्हात ठेवलं. मंडळाच्या चिटणिसांनी वडिलांच्या घड्याळात घातलं. कुणाच्या पंख्यात, कुणाच्या कुलपात. सगळ्या वस्तू यथावकाश अडकल्या. साहेब टॉर्च घेऊन प्रत्येक घरी जातीने गेले आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना तोच अंगभूत दोष सापडला. शर्माजींना त्यांनी स्कूटरसाठी विचारलं, तेव्हा शर्माजींनी हात जोडले. "भगवान पर छोड़ दिया है, सबनीसजी."

पुढच्या उन्हाळ्याच्या आधी दोघं लेकीकडे, बंगलोरला कायमचे निघाले. सामान पुढे गेलं होतं. मी निरोप द्यायला फाटकापर्यंत आले. टॅक्सीत नलिनीताई बसल्या होत्या, मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं यंत्र. ते सामानाबरोबर पाठवायला त्यांनी नकार दिला होता, आणि साहेबांनी तो मान्य केला होता. उत्तम यंत्र होतं ना.

आमच्या इमारतीचं लोखंडी फाटक कुरकुरायचं. साहेब टॅक्सीत बसायचे ते परत आले. पिशवीतून त्यांनी एक छोटी बाटली काढली, प्रवासात वाया जाऊ नये म्हणून बरोबर घेतलेली, आणि बिजागऱ्यांवर शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली. खाली वाकून, टॉर्च लावून, एकही सांधा न चुकवता. नलिनीताईंनी काचेतून ते पाहिलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं. त्यांचे खांदे हलत होते. रडतायत असं ड्रायव्हरला वाटलं असावं. त्याने गाणं बंद केलं.

साहेब हात पुसत माझ्याकडे वळले. उन्हात त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बाई," ते म्हणाले, "माणसाने जाताना मागे काहीतरी ठेवून जावं."

पुढच्या आंधीनंतर फाटक अर्धं उघडं असताना अडकलं. आता गाई आत येऊन बसतात.